तीन किलोमीटर, मधे एक लाकडी पूल

काराबुलाक, ३ मार्च

एसेन,

चार सेकंद मला खरे कितीला पडले, ते परवा बसून मोजलं. एक सख्खा भाऊ. नऊ नवरोज. तुझी ती तपकिरी घोडी, जी जाताना तू मला न देता खालच्या गावातल्या टकल्याला दिलीस. आई गेली तेव्हा आपण दोघं तंबूबाहेर रिवाजाप्रमाणे कंबर बांधून, काठीवर रेलून शेजारी शेजारी उभे होतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी एका सुरात हंबरडा फोडत होतो, आणि दोन पाहुण्यांच्या मधल्या वेळात तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. तीन दिवस. एवढं सगळं गेलं. स्टॉपवॉच मात्र अजून शाबूत आहे.

फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, म्हणून हा कागद. कुबान ट्रक घेऊन येकातेरिनबुर्गला निघालाय, त्याच्या हाती देतोय. सोबत कुरुतची पिशवी आहे. पत्र फाडलंस तरी कुरुत फेकू नकोस. तुझ्या वहिनीने, आनाराने, स्वतः दह्याचे गोळे वळून वाळवलेत, आणि तिच्याशी तुझं भांडण नाही.

आता मुद्द्याचं. खाली बस.

तुझा पोरगा उलुकमान बिश्केकमध्ये वेल्डिंग शिकत नाही. तो माझ्या घरी आहे. मागच्या मंगळवारी दारात आला, पाठीला पिशवी, कानांपर्यंत टोपी. आनारा म्हणाली, "अगंबाई, हा तर एसेनच उभा आहे!" वीस वर्षांचा तू, अगदी तोच. नाकही तसंच, जरा डावीकडे. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आबाके, मला सैन्यात करारावर लागायचंय."

मी म्हटलं, "मी लावणारा कोण? आत ये, चहा घे, मग बारवर लटकून दाखव."

चहा घेतला. मग अंगणात लटकला. अकरा पुलअप मारले. बारा लागतात. बाराव्याला हनुवटी गेली नाही, नुसते डोळे वर गेले.

शारीरिक चाचणी २७ एप्रिलला आहे. बारा पुलअप, शंभर मीटर, आणि तीन किलोमीटर तेरा मिनिटांत. वाट तीच, तू धावलास ती: छावणीच्या फाटकातून कालव्याच्या काठाने, लाकडी पुलावरून पलीकडे, पॉपलरच्या रांगेतून परत फाटकाशी. दोन फेऱ्या. पंचवीस जणांत एक पोरगा असा येतो की ज्याच्या पायात डोंगर असतो. तुझ्या पोराच्या पायात आहे, फक्त तो अजून खाली उतरवायचाय. ते काम माझं. बटाटे सोलायला म्हणून छावणीत शिरलेला माणूस आज सगळ्या छावणीला धावायला लावतो, तो उगाच नाही. तुला लिहून देतो, उलुकमान पहिला येईल. दुसरा आला तर मला मेलिस म्हणू नकोस.

आणि जुनं एकदाच बोलतो, मग नाही. तुझा करार वाढवायच्या चाचणीत तुझ्या वयाच्या गटाची हद्द होती तेरा चाळीस. घड्याळात आले तेरा चव्वेचाळीस. मी तेरा चव्वेचाळीस लिहिले. तू तेव्हा सिगारेट ओढत होतास, हे मी त्या दिवशीही म्हटलं होतं. इथे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, "हा मेलिस, याने सख्ख्या भावालाही चार सेकंद दिले नाहीत." मी ऐकलं न ऐकलंसं करतो. पण बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

वडीलभाऊ
मेलिस


२४ मार्च

एसेन,

तुझं उत्तर पोचलं. मला नाही आलं, आनाराच्या फोनवर आलं, तुझ्या गुलझातच्या आवाजात. पण मागून तू एकेक वाक्य सांगत होतास, आणि माझे कान अजून आहेत तसेच आहेत. आनाराचे हात पिठात होते, तिने फोन परातीच्या कडेला टेकवून तो निरोप लावला. मी दाराआड होतो.

गुलझात म्हणाली, "भावजींना सांगा, पोराला घरी पाठवा."

मागून तू म्हणालास, "नीट सांग ना. त्याला सांग, पाडणं तुला जमतं. मला पाडलंस तसं माझ्या पोरालाही पाड. पडला की इकडे येईल, माझ्याबरोबर भिंती लिंपेल, आणि जिवंत राहील. तिकडे सीमेवरच्या कुठल्या चौकीवर उभा करून ठेवतील त्याला. मिर्झातचा मुलगा चौकीवरून कसा परत आला, ते विसरला का तो?"

निरोप तिथेच संपला.

आनारा माझ्याकडे न बघता पीठ मळत राहिली. मळता मळता म्हणाली, "बाप बोलतोय तो. तुम्हाला काय कळायचं." आम्हाला मूल नाही, हे ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

मिर्झातचा मुलगा मी विसरलेलो नाही. त्याची चाचणी मीच घेतली होती. अकरा मिनिटं पन्नास.

तर माझं उत्तर. उलुकमानने तुझं म्हणणं ऐकलंय, मी लपवलं नाही. तो म्हणाला, "बाबांनी सात वर्षं हा गणवेश घातला. मी तो कपाटात टांगलेला बघत मोठा झालो. त्यांनी तो जाळला नाही, आबाके. जाळला असता तर मी वेल्डिंग शिकलो असतो." यावर तुला काही सुचत असेल तर कळव.

मी त्याला पाडणार नाही. चढवणारही नाही. पोरगा धावेल, घड्याळ बोलेल. एवढं सोपं आहे.

तयारी ठीक चाललीय. बारवर बारा होतात आता, बारावा जरा कुथून. तीन किलोमीटर तेरा पंचवीस आले. वारा होता.

मेलिस


९ एप्रिल

एसेन,

आज एक गोष्ट घडली. ती तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मी सांगतो. सांगावी की नाही याचा विचार करण्यात दोन दिवस गेले, म्हणजे "आज" नव्हे, परवा.

पूर्ण सराव घेत होतो. उलुकमान पुढे, मी मागे सायकलवर. पहिली फेरी छान. दुसऱ्या फेरीत पुलाशी आला, आणि थांबला. उभाच राहिला. मला वाटलं पायात गोळा आला. जवळ जाऊन बघतो तर पलीकडून ओसमोनाली म्हातारा गाढवावर पॉपलरची रोपं लादून पुलावर चढलाय, आणि आपला वीर टोपी काढून, छातीवर हात ठेवून उभा. "अस्सलाम आलेकुम, आबा."

गाढवाला घाई नव्हती. मधेच थांबून त्याने पाणीही पाहिलं.

मी ओरडलो, "का थांबलास?"

"आबा येत होते."

"मग? कडेने काढायचं ना!"

"आडवं जाऊ? आबाके, ते नव्वदीला आलेत."

"चाचणीत घड्याळ वय बघत नाही! उद्या समोरून शत्रू आला तर?"

"शत्रूला सलाम नाही करणार," म्हणाला. तोंड सरळ ठेवून. तुझंच पोर.

रागवावं की हसावं ते कळेना. थोरांच्या वाटेत आडवं जाऊ नये, हे त्याला कुणी शिकवलं? मी त्याला दोष कसा देऊ? आपल्या आईने आपल्याला याच गोष्टीसाठी चिमटे काढले होते.

तेवढ्यात ओसमोनाली जवळ आला, पोराची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "हा एसेनचा. बरोबर? तोंडावरून नव्हे, थांबण्यावरून ओळखला. बापही अस्साच थांबला होता. इथंच. छातीवर सात नंबर होता. मी म्हटलं, 'जा रे पोरा, तुझी परीक्षा चाललीय.' तर म्हणे, 'आधी तुम्ही, आबा.'" मग माझ्याकडे वळला. "मी नंतर तुला विचारलं होतं, मेलिस. एसेन पास झाला ना म्हणून. काय म्हणाला होतास तू?"

मी सायकलची साखळी बघायला खाली वाकलो. साखळीला काही झालं नव्हतं.

म्हातारा उत्तराची वाट न बघता गेला. त्याला रोपं लावायची होती.

परतताना पोरगा चालत आला, धावला नाही. फाटक दिसायला लागल्यावर म्हणाला, "बाबा किती सेकंदांनी राहिले होते?"

"चार."

"आणि गाढवाला पूल ओलांडायला किती लागतात?"

"मी कधी मोजले नाहीत."

"मी आज मोजले," तो म्हणाला. "नऊ."

सरावाची वेळ त्या दिवशी धरता आली नाही. तुझ्या तेरा चव्वेचाळीसमधून नऊ वजा केले तर काय राहतं ते तुझं तू बघ.

मेलिस


२१ एप्रिल

एसेन,

उलुकमान माझ्या घरातून गेला.

भांडला नाही. भांडला असता तर सोपं होतं. पिशवी भरली, आनाराने पुढे केलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, रिवाजापुरता, आणि तिला म्हणाला, "काकू, तुमचं काही नाही यात." माझ्याकडे वळून मान लववली. तेही रिवाजापुरतंच. आता तो ओसमोनालीकडे राहतो, त्याची रोपं लावतो आणि रोज सकाळी एकटा धावतो. मी पॉपलरच्या आडून बघतो. माझ्या अंदाजाने बारा छप्पन्न, बारा अठ्ठावन्न. हद्दीवर आहे. जरा कुठे अडखळला की गेला.

जाण्याआधी त्याने मला एकच विचारलं होतं. "तुम्हाला दिसलं होतं का?"

त्याला मी सांगितलं, तेच तुलाही सांगतो. नऊ वर्षं तू हे गृहीत धरून बसलायस, की मी फक्त कडक होतो. ते तेवढंच नाही.

मार्च होता. पॉपलरना पानं नव्हती. फाटकाजवळच्या चौथऱ्यावरून पूल सरळ दिसतो. राजधानीतून आलेले कर्नल तपासणीला माझ्या शेजारी उभे होते, पण पाठ करून. त्यांना कुणीतरी चहा ओतून देत होतं. तू थांबलास ते मी पाहिलं. गाढव पाहिलं. तू छातीवर हात ठेवलास तेही पाहिलं. मला राग आला. एवढं शिकवून गाढवासाठी थांबतो म्हणून. मग तू धावत सुटलास, शेवटच्या वळणावर तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि घड्याळ तेरा चाळीसच्या पुढे गेलं.

नियमात एक कलम आहे. वाटेत माणूस, जनावर किंवा वाहन आडवं आलं तर उमेदवाराला एक तासाच्या विश्रांतीनंतर त्याच दिवशी पुन्हा धावू द्यावं. परीक्षकाने फक्त तसं म्हणायचं असतं. ते कलम मला तेव्हाही पाठ होतं. मी मनात ते म्हटलंही. तोंड उघडणार, तेवढ्यात कर्नल वळले आणि म्हणाले, "हा सात नंबरचा तुमचा भाऊ ना?"

मी म्हटलं, "घड्याळासमोर मला भाऊ नाही, साहेब."

कसं सुचलं कुणास ठाऊक. कर्नलनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप इतकी जोराची होती, की तोंडातलं कलम पुन्हा पोटात गेलं. तीन महिन्यांनी मला बढती आणि गरम पाण्याच्या दोन खोल्या मिळाल्या. मी मागितल्या नव्हत्या. नाकारल्याही नाहीत. आनाराला अजून वाटतं, त्या माझ्या नोकरीच्या वर्षांमुळे मिळाल्या.

ओसमोनालीला मी सांगितलं होतं, "पास झाला, आबा." तो खूश झाला होता. मग तू रशियाला का गेलास ते त्याला कळेना, तेव्हा मी सांगितलं, तिकडे पगार जास्त.

आणि सिगारेटचं. तू त्या वर्षी ओढत नव्हतास. गुलझातने सोडायला लावली होती. मला माहीत होतं.

हे लिहून झालं म्हणजे काही झालं असं नाही, एवढं मला कळतं. तू मागितलंस ते वेगळं आहे. तू म्हणतोस, पाड. मी आज सकाळी मेजर तोलोनबाएवांकडे गेलो. म्हटलं, "एक उमेदवार माझा पुतण्या आहे. घड्याळ दुसऱ्याकडे द्या."

ते हसले. "अरे, तुझ्याइतका खात्रीचा माणूस कुठून आणू? सख्ख्या भावालासुद्धा..."

"तेच," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्यांना कळलं नाही, पण घड्याळ एका तरुण लेफ्टनंटकडे गेलं. मी पुलावर उभा राहणार आहे. कुणीही आडवं येणार नाही, एवढंच बघायला. ओसमोनालीला जाऊन सांगितलंय, त्या दिवशी गाढव बांधून ठेवा. "बांधतो," म्हणाला.

मेलिस


२८ एप्रिल

एसेन,

काल चाचणी झाली. क्रमाने सांगतो, मधलं काही गाळत नाही. गाळायची सवय आहे, म्हणून आधीच म्हणून ठेवतो.

अठ्ठावीस उमेदवार. तुझ्या पोराच्या छातीवर एकोणीस नंबर. बारवर तेरा मारले, तेराव्याला कुथला नाही. शंभर मीटर सहज. मग सगळे फाटकाशी रांगेत, आणि मी सायकल घेऊन पुलावर.

पहिल्या फेरीत सगळे पुलावरून धडधडत गेले. उलुकमान पाठीमागच्या घोळक्यात होता, पण श्वास चांगला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, ठीक, असाच राहा.

दुसरी फेरी यायच्या आत पलीकडच्या काठावर घंटा वाजली. गाढवाच्या गळ्यातली. ओसमोनाली! पांढरी टोपी, सणाचा कोट.

मी धावलो. "आबा, तुम्ही तर बांधून ठेवणार होतात!"

"गाढव कुठं आडवं येतंय? मी पोराला आशीर्वाद द्यायला आलोय. माझ्या घरचं मीठ खातो तो आता."

"मग काठावरच थांबा."

"इथून दिसत नाही मला."

आणि चढलाच पुलावर. आता काय करायचं? थोराला हाताला धरून ओढता येतं का? मी आधी प्रकृती विचारली, मग नातवंडांची, कारण तेवढं न विचारता लगामाला हात कसा लावणार? ते सगळं भराभर आटपून मी लगाम धरला आणि गाढव पलीकडे खेचायला लागलो. ते पुलाच्या मधोमध रोवून उभं राहिलं. मागून पावलं आली. पुढची पोरं पुलावर थांबलीच नाहीत. कुणी कठड्याला घासून गेलं, दोघं सरळ कालव्यात उतरून गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. शहरातली असावीत.

उलुकमान आला आणि थांबला.

समोर ओसमोनाली, गाढव, आणि लगाम धरलेला मी. तो दोघांसमोर उभा, छातीवर हात, घाम हनुवटीवरून टपटपतोय. तो म्हाताऱ्यासाठी थांबला की माझ्यासाठी, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

"पळ!" मी ओरडलो. "पळ रे, मी सांगतोय तुला!"

"तुम्ही आधी व्हा, आबाके."

ओसमोनालीने दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. मी पाठ लावून गाढव ढकललं. आयुष्यात एवढा जोर मी कुठे लावला नव्हता. ते हललं. पोरगा सुटला.

मी सायकलवर बसून आडवाटेने फाटकाशी पोचलो, तेव्हा लेफ्टनंट आकडे वाचत होता. "एकोणीस नंबर, तेरा मिनिटं पाच सेकंद. नापास."

उलुकमान गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्याने मान वर केली नाही. मेजर तोलोनबाएव माझ्याकडे बघून म्हणाले, "मेलिस, तुझं काय रे हे. परत घरातलाच, परत चार-पाच सेकंदांनी!" आजूबाजूचे हसले. वाईट नव्हे, कौतुकाने. जुन्या गोष्टीवर नवा मजला चढत होता.

एसेन, त्या क्षणी तू मागितलेलं सगळं झालेलं होतं. घड्याळ माझ्या हातात नव्हतं. बोट माझं नव्हतं. पोरगा परत तुझ्याकडे आला असता, भिंती लिंपल्या असत्या, जिवंत राहिला असता. मिर्झातच्या मुलाचा चेहरा मला दिसत होता. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला उत्तम जमतं.

मी कलम म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

मेजर म्हणाले, "आडवं कोण आलं?"

"मी. आणि एक गाढव."

कुणीतरी मागून म्हणालं, "दोन गाढवं लिहा." हशा पिकला. मेजर हसले नाहीत. "बाकीचे कसे गेले मग? ते कडेने गेले. हा का थांबला?"

"समोर थोर माणूस होता, म्हणून."

"ही सैनिकाची चाचणी आहे, मेलिस, जेवणाची पंगत नव्हे."

"कलमात असं कुठे लिहिलंय, की दुसरे निघून गेले तर याचा अडथळा अडथळा नाही?"

ते माझ्या जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे कलम तुला कधीपासून पाठ आहे?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे भावाच्या वेळीही?"

"भावाच्या वेळीही. त्याच्याही वाटेत गाढव होतं. मी पाहिलं होतं."

लेफ्टनंट विनाकारण घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत होता. उलुकमानने मान वर केली होती.

मेजर म्हणाले, "एक तास विश्रांती. एकोणीस नंबर पुन्हा धावेल. आणि तू इथे माझ्या शेजारी उभा राहायचं, हातपाय न हलवता. पुलावर दुसरा माणूस जाईल."

तो तास कसा गेला ते मला विचारू नकोस. पोरगा गवतावर उताणा पडून होता. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. घेतो की नाही, वाटलं. उठून बसला, दोन्ही हातांनी घेतली. दोन घोट पिऊन म्हणाला, "पाय भरलेत, आबाके. आता तेरामध्ये नाही होणार."

मी म्हटलं, "नाही झालं तर नाही झालं."

"तुम्ही असं कधी बोलत नाही."

"नाही," मी म्हटलं.

मग तो एकटा धावला. एकटं धावणं सगळ्यात कठीण, तुला माहीत आहे. समोर पाठ नसते धरायला. पहिली फेरी सहा बत्तीस. उशीर. दुसऱ्या फेरीत तो पॉपलरमागे दिसेनासा झाला आणि मी मनात पावलं मोजायला लागलो, मग मोजणं सोडलं. पुलापाशी या वेळी कुणी नव्हतं. ओसमोनाली फाटकाशीच खुर्चीवर बसला होता, आशीर्वाद अर्धा राहिला होता तो पुटपुटत. शेवटच्या वळणावर उलुकमान आला तेव्हा त्याचं डोकं मागे गेलं होतं आणि हात कुठेही जात होते. असं धावू नये म्हणून मी त्याला महिनाभर ओरडलो होतो. लेफ्टनंट मोठ्याने मोजत होता. बावन्न. त्रेपन्न. फाटकाचे खांब अजून वीस पावलं पुढे. मी माझे दोन्ही हात मागे एकमेकांत धरून ठेवले होते. पंचावन्न.

बारा अठ्ठावन्न.

तो रेषेपुढे जाऊन पडला, ओकला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबांना तुम्ही कळवा."

"तो माझं ऐकत नाही."

"मग लिहा."

म्हणून लिहितोय. तीन वर्षांचा करार आहे. चौकी कोणती ते अजून ठरलेलं नाही. ठरलं की तो स्वतः तुला फोन करेल, त्याचा नंबर तरी तू बंद केला नसशील. तुझं सांगणं मी ऐकलं नाही, हे मला कळतं. त्याचं काही बरंवाईट झालं तर तू मला विचारशील, आणि विचारायचा तुझा हक्क आहे.

तुझ्या चाचणीबद्दल मी लेखी दिलंय, सहीनिशी. ते राजधानीला जाईल. मेजर म्हणाले, जूनअखेर निवृत्तीचा अर्ज दे, मी दिला. दोन खोल्या सोडाव्या लागतील. आनाराला काल सगळं सांगितलं. तिने तरीही चहा दिला.

उलुकमान ओसमोनालीकडेच राहतोय. आज सकाळी आनाराला भेटायला आला होता, मी घरी आहे हे माहीत असूनही.

निकाल फाटकावर लावलाय. अठ्ठावीस धावले, सव्वीस पास झाले. तुझा मुलगा सव्विसावा.

मेलिस